बंद करून बघा

सुदामा नगरात घरात पाचवी-सहावीतलं मूल असेल, तर त्या घराला वसुंधरा मुळ्ये माहीत असतात. शाळेत त्या सायन्सच्या मॅम, गल्लीत काकू. लग्न केलं नाही; आई इंदुमती आणि त्या, अशा दोघीच राहतात. स्कूटीवर पायापाशी एक लाकडी पेटी कायम असते. तिच्यात हाताने फिरवायचा छोटा जनरेटर आहे आणि दोन दिवे, एक जुना पिवळा आणि एक एलईडी.

नवा वर्ग मिळाला की पहिल्या तासाला काकू काही शिकवत नसत. फक्त हँडल फिरवायला लावत. एलईडी जोडलेला असला की पोरं दोन बोटांनी फिरवून हसायची. मग काकू बटण पिवळ्या दिव्याकडे वळवत आणि हँडल एकदम जड व्हायचं. दात-ओठ खाऊन फिरवलं तरी दिव्याची तार जेमतेम लाल व्हायची.

"मॅम, हाथ दुख रहा है!"

"दुखणारच. तुझ्या घरातला असा एकेक दिवा कुणीतरी, कुठेतरी फिरवतंय, बेटा. तुला दिसत नाही एवढंच."

हे वेड त्यांना वडिलांकडून आलं. बाबूराव मुळ्ये मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि धडधाकट माणूस दिवसभर घरात बसून राहिला. संध्याकाळ झाली की ते उठायचे आणि घरभर फिरून नको असलेले दिवे बंद करायचे. घर ते केवढं, दोन खोल्यांचं. पण हातात तेवढंच काम उरलं होतं आणि ते काम ते ड्युटीवर असल्यासारखं करायचे. लहान वसुंधरा त्यांच्या मागे मागे फिरायची. पुढे तिने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, खासगी शाळेत लागली, आणि वडील गेल्यावर त्यांची ती फेरी तिने शंभर घरांत पोहोचवली.

धड्यात छापलेलं सगळं त्या शिकवत. वीजबचतीचे तारे बघून फ्रिज घ्या, गरम भांडं आत ठेवू नका, डाळीवर झाकण ठेवा. "एसी सोळावर आणि अंगावर रजाई, असं कुणाकडे होतं?" असं विचारलं की अर्धा वर्ग खाली बघायचा. पण मुलांना आवडायचा तो काकूंचा स्वतःचा नियम. घरातली जी वस्तू सारखी चालू दिसते, ती एकदा बंद करून बघा. कुणाचं काही अडलं, तर परत चालू करा. नाही अडलं, तर ती वस्तू फुकट खात होती. दर सोमवारी कोणी काय बंद केलं ते वर्गात सांगायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

"मॅम, मैंने गीझर बंद कर दिया," ऋग्वेद नावाच्या पोराने एकदा सांगितलं. "पप्पा नहा रहे थे."

"मग? काही अडलं?"

"पप्पाच अडले ना, मॅम! अंदर से चिल्लाए."

"मग चालू केलंस की नाही?"

"तब तक तो वो नहा लिए थे."

घरी इंदुमतीबाईंचं वेगळंच. "तुझ्या पोलिसांना आवर गं. समोरच्यांकडे पाहुणे बसले होते, तर पोराने पंखा बंद केला. वर म्हणतो कसा, तुम्ही गप्पा मारताय, पंख्याकडे कुणाचं लक्ष आहे?" असं सांगून त्या स्वतःच हसायच्या. काकूही हसायच्या. तो नियम छोटा होता, मजेचा होता, आणि मुलांच्या तोंडी बसला होता.

आर्या त्यांच्या वर्गात यंदाच्या एप्रिलमध्ये आली. मागच्याच गल्लीत राहणारी. आई-वडील, ईशा आणि यतीन, दोघंही विजय नगरात आयटी कंपनीत. दिवसभर घरी यतीनचे वडील, म्हणजे आर्याचे आजोबा नाना, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या यमुनाताई. नाना रेल्वेतून रिटायर झालेले. दोन वर्षांपासून त्यांची फुफ्फुसं साथ देत नव्हती. पलंगाशेजारी एक मशीन होतं, ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने त्यांच्या नाकापर्यंत पोहोचवायचं. मशीन बंद म्हणजे नानांचा श्वास बंद, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आर्यालाही. ती शाळेतून आली की नाना नळी सांभाळत म्हणायचे, "या गार्डसाहेब, गाडी वेळेवर आली का?" आणि ती दप्तर टाकून त्यांच्याच पलंगावर बसायची.

वर्गात मात्र ती बोलत नसे. सोमवारी सगळी पोरं हात वर करून उड्या मारायची, ही वही बंद करून बसायची. त्या सोमवारी पहिल्यांदा तिचा हात वर गेला.

"मॅम, आमच्याकडे जिन्याखाली एक डब्बा आहे. त्याच्यावर दिवे आहेत. मी पुढचं बटण दाबलं तर एक दिवा गेला. पण घरातलं काहीच बंद नाही झालं. फ्रिज चालू, पंखे चालू, नानांचं मशीन पण चालू. मी सगळ्या खोल्यांत जाऊन बघितलं."

इतका नीट प्रयोग त्या वर्षी कोणी केला नव्हता. बटण दाबून पळून न जाता तिने खोली न् खोली तपासली होती. काकूंना भरून आलं. तास संपत आला होता, मागे ऋग्वेद आणि त्याची गँग ओरडत होती. डब्बा कसला, हे विचारायला हवं होतं.

"जुना स्टॅबिलायझर असेल, बेटा," काकू म्हणाल्या. "असाच पडून राहिलेला. शाब्बास! चलो, सब लोग ताली बजाओ."

आर्या लाजून हसली. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

तो डब्बा इन्व्हर्टर होता. घरात लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर बाहेरून आलेली वीज तशीच पुढे जाऊ देतो आणि आपली बॅटरी भरून ठेवतो. पुढचं बटण बंद केलं तरी वीज पुढे जातच राहते, म्हणून घरात कुणाला काही कळत नाही. फरक पडतो तो लाइट गेल्यावर. बटण चालू असेल तर घर त्याच क्षणी बॅटरीवर चालायला लागतं. बटण बंद असेल तर काहीच होत नाही.

त्याच आठवड्यात आंधी आली. दुपारी आभाळ पिवळं झालं, वाळत घातलेले कपडे गच्च्यांवरून उडाले, कुठेतरी पत्रे आपटायला लागले. मग कडकड आवाज झाला आणि सगळ्या कॉलनीची लाइट गेली. काकू खिडक्या लावत होत्या. थोड्या वेळाने फाटक जोरात वाजलं. आर्या अनवाणी उभी होती, केसांत धूळ.

"काकू, नानांचं मशीन बंद पडलं. इन्व्हर्टर नाही चालत. यमुनाताई रडतायत."

काकू तशाच धावल्या.

नाना पलंगाच्या कडेला बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर-खाली होत होते, ओठ राखेच्या रंगाचे. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. यमुनाताई एका हाताने त्यांची पाठ चोळत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या फोनमधून यतीनचा आवाज येत होता.

"बैटरी गई होगी! ऑक्सीजन सिलेंडर लगाओ, यमुना! पलंग के नीचे वाला!"

"भैया, लगायो! सिलेंडर में कई नी है. कांटो जीरो पे है!"



"ॲम्ब्युलन्स?" काकूंनी विचारलं.

"बुलाई है, दीदी. रस्ते पे झाड़ पड़्यो है, घूम के आ रही है."

शेजारचे दोन जण वहीने वारा घालत होते. वाऱ्याने काय होणार होतं? काकू जिन्याखाली वाकल्या. मोबाइलचा उजेड टाकला. इन्व्हर्टरवर एकही दिवा नव्हता. बॅटरीला हात लावला. ती फुगलेली नव्हती, तारा घट्ट होत्या. मग त्यांनी पुढचं बटण बघितलं.

त्यांनी ते दाबलं. टीं करून आवाज आला, वर पंखा फिरायला लागला, खोलीत मशीनचा भाता सुरू झाला. यमुनाताईंनी नळी नानांच्या नाकाला लावली आणि "राम, राम" म्हणत तिथेच फरशीवर बसल्या. एका बोटाचं काम. इतका वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते बंद असेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

काकू वळल्या. मागे आर्या उभी होती.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हा तोच डब्बा."

मशीन सुरू झालं, पण नानांची शुद्ध गेली ती परत आली नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांची मान एका बाजूला पडली होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये यतीन आणि ईशा ऑफिसातून थेट आले. यतीनच्या गळ्यात अजून कंपनीचं कार्ड होतं. डॉक्टर नानांना आत घेऊन गेले, काच बंद झाली, आणि मग यतीन यमुनाताईंवर उलटला.

"झाडू लगाते वक्त हाथ लगा होगा. याद करो."

"भैया, म्हारी छोरी की सौगन, मने हाथ भी नी लगायो."

"तो क्या अपने आप बंद हो गया?" ईशा ओरडली. "नानांचा जीव जातोय, यमुना! खरं सांग!"

यमुनाताईंनी पदर तोंडाला लावला. आर्या तिथे नव्हती, तिला इंदुमतीबाईंकडे ठेवलं होतं. काकू पुढे आल्या.

"यमुनाला सोडा. बटण आर्याने बंद केलं. मी शिकवलं म्हणून केलं."

त्यांनी सगळं सांगितलं. नियम सांगितला, सोमवारचा तास सांगितला.

"आणि तुम्ही काय केलंत?" ईशाने विचारलं.

"टाळ्या वाजवायला लावल्या."

ईशा हसली. ते हसू ऐकून समोरच्या बाकावरचा माणूस मान वळवून बघायला लागला. मग ती काचेकडे निघून गेली.

यतीन भिंतीला टेकला. तो म्हणाला, "आर्याला कळलंय?"

"तिने मला बटण दाबताना बघितलं."

"नाही. तिला काही कळलेलं नाही. इन्व्हर्टर खराब होता. मी हेच सांगणार, ईशा हेच सांगेल, तुम्ही पण." त्याचा आवाज फाटला. "नाना गेले तर ती पोरगी जन्मभर हे घेऊन फिरेल, ताई. दहा वर्षांची आहे ती. तुम्ही जे केलंत ते केलंत. आता एवढं तरी करा."

नाही म्हणायला काकूंकडे तोंड नव्हतं. त्या हो म्हणाल्या.

दोन दिवसांनी आर्या शाळेत आली. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. शाळेत ती मॅम म्हणायची. त्या दिवशी काकू म्हणाली.

"काकू, इन्व्हर्टर खराब होता?"

"हो, बेटा."

"माझ्यामुळे नाही?"

"नाही. आतून खराब झाला होता. तुझं बटण आणि हे, यांचा काही संबंध नाही."

आर्याने मान हलवली आणि ती गेली. काकूंनी डबा उघडला आणि परत बंद केला.

त्या संध्याकाळी काकू घरी चहा गाळत होत्या. आर्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"खराब नाहीये तो," ती म्हणाली. "मी बघितलं. मीटरजवळचा मेन स्विच पाडला. बटण चालू होतं तर पंखा चालूच राहिला. मग बटण बंद केलं आणि परत मेन पाडला, तर पंखा बंद. परत केलं. सारखं तसंच होतं."

काकूंच्या हातात गाळणी तशीच राहिली.

"पप्पा खोटं बोलले. मम्मी पण. तुम्ही पण." ती रडत नव्हती. "म्हणजे नाना बरे होणार म्हणतात, ते पण खोटं असेल."

ती फाटक न लावता निघून गेली. इंदुमतीबाई खाटेवरून सगळं ऐकत होत्या.

"चांगलं शिकवलंस हो तिला," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं, की तुझंच खोटं तिने पुराव्यासकट पकडलं."

"आई, मी शब्द दिलाय यतीनला."

"पाळ मग. आणि बस."

त्यानंतर आर्याने बोलणं सोडलं. शाळेत आली नाही. जेवायला बसवलं तर घास तोंडात धरून बसायची. खोलीतले दिवे, पंखा, टेबललॅम्प, टीव्ही सगळं दिवसा चालू ठेवायची आणि कोणी एखादं बटण बंद केलं की किंचाळायची. यमुनाताईंनी एकदा मिक्सरचा प्लग काढला, तर तिने तो परत लावला आणि त्याच्यापाशी उभी राहिली. नाना आत व्हेंटिलेटरवर होते. ईशा सकाळी हॉस्पिटल, दुपारी घर, परत हॉस्पिटल अशी फिरत होती. एका दुपारी तिने काकूंना फोन केला.

"तुमच्याशी बोलायची माझी इच्छा नाहीये," ती म्हणाली. "पण ती माझ्याकडे बघत नाही. काही सांगायला गेलं तर कानांवर हात ठेवते. मी आई आहे तिची! एकीकडे ते आत तसे, एकीकडे ही अशी. यतीन तिला सोबत हॉस्पिटलला घेऊन गेलाय, घरी एकटी सोडायला भीती वाटते. तुम्ही केलंय ना हे? मग तुम्हीच काहीतरी करा. मला नाही सुचत." आणि तिने फोन ठेवला.

काकू निघाल्या. फूटी कोठीच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी त्या उभ्याच होत्या, मागून एक जण ओरडला, "ओ दीदी, बत्ती हरी हो गई, अब क्या पकने का इंतजार है?" तेव्हा कुठे स्कूटी पुढे गेली.

हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर यतीन आणि आर्या बसले होते. दोघांच्या मध्ये पोह्यांची प्लेट, तशीच. यतीनची दाढी वाढली होती. काकूंना बघून तो उठला.

"ताई, आत्ता नको."

काकू दोन पायऱ्या खाली, आर्याच्या समोर बसल्या. आर्याने हात कानांकडे नेले.

"इन्व्हर्टर खराब नव्हता," काकू म्हणाल्या.

"ताई!"

"तुझा प्रयोग बरोबर आहे, आर्या. आम्ही खोटं बोललो. बटण बंद होतं म्हणून मशीन थांबलं. बटण तू बंद केलंस, आणि तसं करायला तुला मी शिकवलं."

आर्याचे हात अर्ध्यावर राहिले.

"माझा नियम चुकीचा होता. सगळ्या वस्तू काम करत नसतात. काही नुसत्या वाट बघत असतात. त्या बंद केल्या तर तेव्हाच्या तेव्हा काही अडत नाही, अडतं ते नंतर. हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण नियम छोटा ठेवायचा होता. मोठा केला असता तर तुम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या."

जिन्यावरून एक वॉर्डबॉय ट्रे घेऊन वर गेला.  मग कित्येक दिवसांनी आर्या बोलली.

"नाना मरतील का?"

यतीनने भिंतीकडे तोंड केलं.

"मला माहीत नाही," काकू म्हणाल्या.

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही नक्की माहीत नाही. पण नाना फार आजारी आहेत. मरू शकतात."

"मेले तर माझ्यामुळे?"

हा प्रश्न येणार हे काकूंना घरून निघतानाच माहीत होतं. रस्ताभर त्या उत्तर शोधत होत्या आणि ते सापडलं नव्हतं.

"त्यात तुझं बटण आहे," त्या म्हणाल्या. "माझा नियम आहे. सिलिंडर रिकामं होतं. झाड रस्त्यात पडलं होतं. आणि त्यांची फुफ्फुसं आधीपासून खराब होती. यातलं किती कशामुळे, हे मला मोजता येत नाही, बेटा. येत असतं तर तुला सांगितलं असतं."

आर्याने यतीनकडे मान वळवली. 

"पप्पा, बटण मी बंद केलं होतं."

"माहीत आहे मला."

"मग मला रागावला का नाहीत?"

यतीन पायरीवर बसला. "सिलिंडर मी भरून आणायचं होतं, आर्या," तो म्हणाला. "यमुनाने आठवण पण करून दिली होती. ऑफिसात काम होतं. म्हटलं, उद्या आणू, इन्व्हर्टर आहे ना. त्या दिवशी फोनवर तिने सांगितलं, कांटो जीरो पे है, आणि मला..." त्याने चेहरा हातांत घेतला. "इन्व्हर्टर खराब होता असं म्हटलं की मला पण बरं वाटत होतं. फक्त तुझ्यासाठी नव्हतं ते."

आर्याने बापाला असं कधी बघितलं नव्हतं. ती सरकली, पोह्यांची प्लेट लवंडली, आणि तिने त्याच्या खांद्यात डोकं खुपसलं. मग ती रडायला लागली. इतकी मोठ्याने रडली, की वरच्या मजल्यावरून एक नर्स खाली बघायला आली. तिला कुणी गप्प केलं नाही.

लहान मुलांना आयसीयूत सोडत नाहीत. त्या नर्सने डॉक्टरांना विचारून आर्याला यतीनबरोबर दोन मिनिटं सोडलं. आर्याने नानांच्या हाताशी वाकून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते यतीनला ऐकू आलं, पण त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. नानांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

त्याच आठवड्याच्या शेवटी नाना गेले.

शाळेने काकूंना काही विचारलं नाही, कारण शाळेपर्यंत काही पोहोचलंच नव्हतं. काकूंनी स्वतः जाऊन सांगितलं. प्रिन्सिपल म्हणाले, "मॅडम, ये बात यहीं रहने दो." सोमवारी काकू वर्गात उभ्या राहिल्या. पोरांचे हात वर होते. त्यांनी हात खाली करायला सांगितले आणि पूर्ण तास एकाच गोष्टीवर बोलल्या: घरातली कुठली वस्तू कुणासाठी वाट बघत असते, आणि बटणाला हात लावण्याआधी कुणाला विचारायचं. ऋग्वेदनेही मध्ये काही जोक मारला नाही. टाळ्यांचा विषय निघाला नाही. घंटा झाल्यावर काकू खुर्चीवर बसल्या आणि पुढचा वर्ग आत आला तरी त्यांना उठता येईना.

नानांच्या घरी भेटायला जायला त्यांना तीन-चार दिवस लागले. इंदुमतीबाई रोज विचारायच्या, "गेलीस का?" आणि काकू पोळ्या लाटत राहायच्या. शेवटी इंदुमतीबाईंनीच चपला घातल्या. "मी जाते मग. सांगते, मुलीला धीर नाही." तेव्हा काकू उठल्या आणि एकट्याच गेल्या.

दार अर्धं उघडं होतं. पुढच्या खोलीतून पलंग काढला होता. त्या जागी पीठ पसरून त्यावर समई ठेवली होती. दहा दिवस ती विझू द्यायची नसते. शेजारी आर्या मांडी घालून बसली होती, हातात तेलाची वाटी.

"सकाळपासून तिथेच आहे," यतीनची आत्या कुरकुरत होती. "लहान पोर, तिला कशाला हे? आत पाठवा."

"राहू दे, आत्या," यतीन म्हणाला. "तिचं तिला ठरवू दे."

काकू उंबऱ्याबाहेरच थांबल्या. ईशा समोर भिंतीशी बसली होती. तिने काकूंना बघितलं. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. नजर खाली घेतली.

आर्याने वर बघितलं.

"काकू, नाना गेले तेव्हा हॉस्पिटलमधलं मशीन चालू होतं. लाइट गेली नव्हती. पप्पांनी सांगितलं."

"हं."

"खरं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळी खोली तेच ऐकायला थांबली होती.

"मी तिथे नव्हते, बेटा," काकू म्हणाल्या. "मला नाही सांगता येणार. पप्पा होते."

आर्याने यतीनकडे बघितलं. यतीनने तिच्या डोळ्यांत बघून मान हलवली. तिने आणखी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि मग समईत तेल घातलं.

बाहेरून गरम वाऱ्याची झुळूक आली. ज्योत आडवी झाली. आर्याने दोन्ही हातांचा आडोसा धरला. काकू अजून उंबऱ्याबाहेरच होत्या, वळावं की काय अशा बेतात.

"आत या," ईशा म्हणाली. ती अजूनही वर बघत नव्हती. "दार उघडं राहिलं की वारा येतो."

काकू आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.